रणगाड्याचं प्लॅस्टिक किट कापण्याआधी कसं पारखायचं

पहिलं किट हातात आलं की सगळे एकच करतात. डबा फाडून उघडायचा, सुटे भाग कापायला घ्यायचे आणि रात्री उशिरापर्यंत गोंद लावत बसायचं. मीही तेच केलं होतं. माझं पहिलं किट टी-34 या सोव्हिएत रणगाड्याचं होतं. धड जोडून झालं, चाकं बसली, आणि पट्टे लावायची वेळ आली तेव्हा समजलं की डब्यात पट्ट्यांच्या दोन फ्रेम (सुटे भाग ज्यांना जोडलेले येतात त्या प्लॅस्टिकच्या चौकटी) हव्या होत्या, आणि होती एकच. तोपर्यंत निम्मे भाग कापून झाले होते. कापलेलं किट कुणी बदलून देत नाही.

तेव्हापासून एक सवय लावून घेतली आहे. कात्री लावायच्या आधी एक पूर्ण संध्याकाळ किट नुसतं पाहण्यात घालवायची. या पाहण्यातून "किट चांगलं की वाईट" एवढंच उत्तर काढायचं नसतं. हा नेमका कोणत्या वर्षाचा रणगाडा आहे, आणि तो तसा दिसावा म्हणून मला किती काम करावं लागेल, हे दोन प्रश्न सुटले की किट पारखून झालं. खाली सगळी मापं 1/35 साठी, म्हणजे खऱ्या गाडीच्या पस्तिसाव्या हिश्श्याएवढ्या मॉडेलसाठी, दिली आहेत, कारण रणगाड्यांच्या किटांमध्ये हेच स्केल सर्वांत जास्त चालतं. दुसरं स्केल असेल तर फक्त भागाकार बदला.

जवळ काय काय हवं

- व्हर्नियर कॅलिपर (नसेल तर स्टीलची पट्टी)
- भिंग आणि छोटी टॉर्च
- सपाट काचेचा तुकडा
- मास्किंग टेप
- स्प्रू कटर (स्प्रू म्हणजे भागांची ती फ्रेम), धारदार हॉबी नाइफ, 400 आणि 600 नंबरचा पॉलिश पेपर
- मऊ पेन्सिल
- झिपच्या लहान पिशव्या
- खऱ्या रणगाड्याचे निदान पाच-सहा फोटो, शक्यतो युद्धकाळातले
- वही

यादीत फोटो शेवटच्या टोकाला आले असले तरी पारखण्याच्या कामात त्यांची गरज सर्वांत मोठी. संग्रहालयातल्या रणगाड्यांचे फोटो स्पष्ट असतात, पण त्यातल्या बऱ्याच गाड्या पुढे दुरुस्त झालेल्या, भाग बदललेल्या असतात. म्हणून दोन्ही प्रकारचे फोटो ठेवा.

1. नाव नको, वर्ष विचारा

डब्यावर "टी-34" किंवा "टायगर" लिहिलेलं असतं. तेवढ्याने काही कळत नाही. टी-34 चं उत्पादन 1940 मध्ये सुरू झालं आणि दुसरं महायुद्ध संपेपर्यंत 50 हजारांहून जास्त गाड्या बनल्या. त्या एका ठिकाणी बनल्या नाहीत. खारकोव्हचा कारखाना 1941 मध्ये उरलपलीकडे निझनी तागिलला हलवला गेला. स्टालिनग्राडचा ट्रॅक्टर कारखाना, गोर्कीचा क्रास्नोये सोर्मोवो, चेल्याबिन्स्क, ओम्स्क अशा वेगवेगळ्या ठिकाणी गाड्या तयार होत होत्या आणि प्रत्येकाचं टरेट (तोफ बसवलेला वरचा फिरता भाग), चाकं, मागची पाटी यांत फरक होता. स्टालिनग्राडला रबराची टंचाई पडली तेव्हा चाकांवरचं बाहेरचं रबर गेलं आणि पोलादी कडेची चाकं आली. काही गाड्यांना पहिलं आणि पाचवं चाक रबराचं, मधली तीन पोलादी, अशी मिसळ दिसते. किटमध्ये अशी मिसळ असेल तर ती चूक समजू नका.

मग डब्यावरचं चित्र, आतले भाग आणि डिकॅलवरच्या (मॉडेलवर चिकटवायच्या छापील चित्रांवरच्या) खुणा एकमेकांशी जुळतात का, ते पाहायचं. यासाठी इतिहासाचा मोठा अभ्यास लागत नाही, चार-पाच तारखा पुरतात:

- 85 मिलिमीटर तोफेचा टी-34 लढाईत आला 1944 मध्ये. त्यावर स्टालिनग्राडच्या किंवा जुलै 1943 मधल्या कुर्स्कच्या लढाईच्या खुणा दिल्या असतील तर त्या बाजूला ठेवा.
- जर्मन टायगरवर झिमरिट हा खरखरीत लेप 1943 च्या उत्तरार्धापासून येतो. जर्मन गाड्यांचा मूळ रंग त्याच वर्षी फेब्रुवारीत गडद राखाडीवरून गडद पिवळा झाला होता. त्यामुळे झिमरिट असलेला, संपूर्ण राखाडी रंगाचा टायगर हा मेळ बसत नाही.
- टायगरची पोलादी कडेची चाकं 1944 च्या सुरुवातीची. ट्युनिशियातली लढाई मे 1943 मध्ये संपली. एकाच किटमध्ये ही चाकं आणि ट्युनिशियाच्या खुणा दोन्ही असतील तर एक काहीतरी निवडावं लागेल.
- अमेरिकी शेरमनच्या बाबतीत आधी धड बघा. एम4ए1 चं वरचं धड ओतीव, गोलाई असलेलं. एम4ए3 चं पोलादी पत्रे वेल्ड करून केलेलं, कोपरे स्पष्ट. ही गल्लत झाली तर पुढचं सगळं चुकत जातं.

साचा महाग असतो, म्हणून कंपन्या एकाच साच्यातून चार वेगवेगळे डबे काढतात. नवा डबा म्हणजे नवं किट असं समजू नका. फ्रेमच्या कडेला किंवा धडाच्या तळाला बहुतेक वेळा एखादं वर्ष कोरलेलं सापडतं. ते डब्यावरच्या वर्षापेक्षा वीस-तीस वर्षं जुनं असेल तर त्या काळचं काम डोळ्यापुढे ठेवून पुढे जा.

2. फ्रेम मोजा आणि सूचनापत्रकाशी ताळा करा

हे कंटाळवाणं काम आहे, पण दहा मिनिटांत होतं. सूचनापत्रकाच्या पहिल्या पानावर फ्रेमचा नकाशा असतो. ए, बी, सी अशी अक्षरं आणि शेजारी "2 नग", "4 नग" असं लिहिलेलं असतं. प्रत्येक फ्रेम काढा, अक्षर वाचा, टिक करा. पिशवीतून सुटून पडलेले भाग डब्याच्या कोपऱ्यात शोधा आणि छोट्या पिशवीत घाला. अर्धवट भरलेले भाग, म्हणजे साच्यात प्लॅस्टिक पूर्ण न पोचल्यामुळे टोक गायब असलेले, याच वेळी सापडतात. पातळ हँडल, हुक आणि अँटेनाचा पाया तिथे हमखास बघा.

काही कमी असेल तर फोटो काढून लगेच विक्रेत्याला कळवा, आणि उत्तर येईपर्यंत एकही भाग कापू नका.

3. प्लॅस्टिक उजेडात तिरकं धरा

समोरून पाहिलं तर सगळी किटं छान दिसतात. टॉर्च बाजूने, पृष्ठभागाला जवळजवळ चिकटवून मारा, म्हणजे दोष सावल्यांतून बाहेर येतात.

*फ्लॅश:* भागाच्या कडेने पसरलेला प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा. साचा जुना झाला की वाढतो. दिसायला वाईट, पण काढायला सोपा. फ्लॅशमुळे किट नाकारू नका.

*खड्डे:* जाड भाग थंड होताना आत ओढला जातो आणि वर उथळ खड्डा पडतो. तोफेच्या मुळाशी असलेली ढाल, चाकाचा मधला भाग, जाड हॅच (उघडता येणारं झाकण) या जागा बघा. मऊ पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने फिरवली तर खड्ड्यात शिसं लागत नाही आणि त्याचा आकार उमटतो. सपाट जागेवरचा खड्डा पुटीने भरून घासता येतो. बोल्टच्या रांगेतला खड्डा त्रास देतो, कारण घासताना बोल्टही जातात.

*पिनच्या गोल खुणा:* साच्यातून भाग बाहेर ढकलणाऱ्या पिनांच्या. त्या कुठे आहेत एवढंच महत्त्वाचं. धडाच्या आतल्या बाजूला असतील तर विसरा. हॅचच्या आतल्या बाजूला असतील आणि हॅच उघडी ठेवायची असेल, तर काम आलं.

*साच्याची शिवण:* साच्याचे दोन अर्ध जिथे मिळतात तिथली उभी रेघ. ती सगळीकडे असते आणि खरवडून काढायची असते. दोन्ही अर्ध सरकलेले असतील तर रेघेच्या जागी पायरी दिसते. गोल नळीवर पायरी असेल तर ती नळी नुसती घासून गोल होत नाही.

इथे एक सापळा आहे. टी-34/85 चं खरं टरेट ओतीव होतं आणि त्याच्या कडेने ओतकामाची जाड शिवण खरोखरच होती. वेगवेगळ्या कारखान्यांच्या टरेटवर तिची जागाही वेगळी असे. नवखा माणूस ती किटची चूक समजून घासून गुळगुळीत करतो. मी एक टरेट असंच घासलं. दीड तास घासून, वर 600 नंबरने चकाकवून ठेवलं, आणि फोटो समोर ठेवला तेव्हा लक्षात आलं की घासून काढलेली ती रेघच खरी होती. परत आणायला ताणलेल्या स्प्रूची तार चिकटवून, वर गोंद लावून, ब्रशच्या टोकाने ठोकत बसावं लागलं. कुठलीही रेघ घासण्याआधी फोटो बघा.

पोताचंही तसंच. ओतीव पोलाद खडबडीत असतं आणि पत्र्याचं पोलाद त्यामानाने सपाट. टी-34 चं टरेट साबणासारखं गुळगुळीत असेल तर तुम्हाला पोत द्यावा लागेल. वेल्डिंगचा सांधा खऱ्या गाडीवर वर आलेला असतो. काही किटांमध्ये तो नुसता ओरखडा काढल्यासारखा खोल दिलेला असतो. हा फरक रंगवल्यावर जास्तच दिसतो.

4. तीनच मापं घ्या

नवखे लोक मापांत एक तर अजिबात शिरत नाहीत, नाहीतर इतके शिरतात की किट बाजूला राहतं. मी तीन मापं घेतो: एकूण रुंदी, चाकाचा व्यास, पट्ट्याची रुंदी. गाडीची छाप या तिन्हींवर ठरते. खऱ्या गाडीचं मिलिमीटरमधलं माप घ्यायचं आणि 35 ने भागायचं.

- टी-34: रुंदी 3000 मिलिमीटर, म्हणजे किटवर 85.7. चाक 830, म्हणजे 23.7. 1942 नंतरचा सर्रास दिसणारा पट्टा 500, म्हणजे 14.3.
- टायगर: धडाची लांबी 6316, म्हणजे 180.5. लढाईचा रुंद पट्टा 725, म्हणजे 20.7.
- शेरमन: रुंदी सुमारे 2620, म्हणजे 74.9.

अर्ध्या मिलिमीटरचा फरक सोडून द्या, तो डोळ्याला दिसत नाही. दोन मिलिमीटरचा फरक म्हणजे खऱ्या गाडीवर 70 मिलिमीटर, तो दिसतो. रुंदी चुकलेली असेल तर दुरुस्ती जवळजवळ अशक्य असते, कारण धड, वरची पाटी आणि मागची पाटी तिन्ही चुकलेले असतात. चाकं चुकली असतील तर बदली चाकांचा संच मिळू शकतो.

1/35 हे आकड्यांच्या दृष्टीने जरा विचित्र स्केल आहे. ते आलं जपानच्या तामिया कंपनीकडून, 1960 च्या दशकाच्या सुरुवातीच्या पँथरच्या किटमधून. त्या किटमध्ये मोटर आणि बॅटऱ्या बसायच्या होत्या, आणि त्या मावतील असा आकार ठरवल्यावर जे स्केल निघालं ते रूढ झालं. पुढे बरीच वर्षं मोटरवाली किटं निघत राहिली, आणि त्या काळच्या साच्यांतून आजही किटं छापली जातात. धडाच्या तळाला स्विचची किंवा मोटरची भोकं दिसली, पट्ट्यांच्या वरचा फेंडरखालचा (फेंडर म्हणजे पट्ट्यावरचा मडगार्डसारखा पत्रा) भाग उघडाच दिसला, तर तुमचं किट त्या घराण्यातलं आहे. भोकं प्लॅस्टिकच्या पत्र्याने बुजवता येतात आणि फेंडरखालची जागाही तशीच बंद करता येते. एका संध्याकाळचं काम, शिकायला उत्तम.

एक मोजणी जाडीचीही करा. फेंडरचा प्लॅस्टिक पत्रा 0.8 मिलिमीटर जाड असेल तर त्या हिशेबाने खरा फेंडर 28 मिलिमीटरचा झाला. खरा तर पातळ पत्र्याचा होता, वाकायचा, फाटायचा. त्यामुळे फेंडरची दिसणारी कड आतून खरवडून पातळ करायची तयारी ठेवा. उलट टी-34 च्या धडाचं पुढचं चिलखत 45 मिलिमीटर होतं, म्हणजे किटवर जवळजवळ 1.3. तिथे जाड प्लॅस्टिकच बरोबर.

5. चाकं आणि पट्टे: खरी परीक्षा इथे

माझ्या मते रणगाड्याच्या किटचा निम्मा निकाल पट्टेच देतात. ते तीन प्रकारात येतात.

*एकसंध मऊ पट्टे:* विनाइलचे, रबरासारखे. दोन टोकं जोडली की झालं. पण ते ताणलेले दिसतात, आणि टी-34 वर ते विशेष खटकतं. त्या गाडीला पट्टा वर उचलून धरणारी छोटी चाकं नाहीत. पट्टा आपल्या वजनाने मोठ्या चाकांवरच लोळतो. तो झोल नसेल तर गाडी खेळण्यातली वाटते. नेहमीचा प्लॅस्टिकचा गोंद बऱ्याच विनाइलला धरत नाही, हेही लक्षात ठेवा.

विनाइलबद्दल आणखी एक गोष्ट, आणि हे आजच करा: पट्टे वेगळ्या पिशवीत बंद करून ठेवा. काही विनाइलमधला मऊपणा देणारा पदार्थ हळूहळू बाहेर येतो आणि पॉलिस्टायरिन खातो. मी एक किट काही वर्षं तसंच ठेवलं होतं. डबा उघडला तेव्हा पट्टा ज्या चाकांवर पडून होता ती चाकं मेणासारखी चिकट झाली होती आणि कडेवर पट्ट्याच्या कड्यांचे ठसे उमटले होते.

*लांब आणि सुट्या कड्यांचे पट्टे:* सरळ भागासाठी लांब तुकडे, वळणासाठी सुट्या कड्या. झोल वरच्या तुकड्यातच घातलेला असतो. पहिल्या किटसाठी मी हाच प्रकार सुचवेन.

*सगळ्या सुट्या कड्या:* दिसायला सर्वांत सुंदर, पण आधी गणित करा. टी-34 ला 500 मिलिमीटरच्या पट्ट्यात एका बाजूला साधारण 72 कड्या, म्हणजे दोन्ही मिळून 144. प्रत्येक कडी फ्रेमला चार जागी जोडलेली असेल तर 576 वेळा कापायचं आणि तेवढ्याच जागा घासायच्या. प्रत्येक कडीवर पिनच्या दोन खुणा असतील तर आणखी 288. टायगरला एका बाजूला 96 कड्या. एक कडी भिंगाखाली धरून किती जोड आहेत आणि किती खुणा आहेत ते मोजा, गुणाकार करा, मग ठरवा.

टी-34 च्या पट्ट्यात एक आड एक कडीला दात असतो. पट्टा ओढणाऱ्या मागच्या चालक चाकाच्या दोन तबकड्यांमध्ये सहा रोलर आहेत आणि दात त्या रोलरमध्ये अडकतो. किटमध्ये दातांच्या आणि बिनदातांच्या कड्या सारख्या संख्येने आहेत का, आणि चालक चाकात रोलर दिले आहेत का, ते पाहा. चाक नुसतं बंद डबीसारखं असेल तर पट्टा तिथे बसताना उचलला जातो.

टायगरमध्ये चाकं एकमेकांच्या आत गुंतलेली असतात. रंगवायच्या आधी ती लावायची की नंतर, हे किट पारखतानाच ठरवून वहीत लिहा.

6. गोंद न लावता जुळवून पाहा

आता पहिल्यांदा कापायचं, आणि फक्त मोठे भाग: धडाचा खालचा भाग, वरची पाटी, मागची पाटी, टरेटचे दोन अर्ध. फ्रेमपासून थोडं दूर कापा, उरलेला तुकडा नंतर सुरीने काढा. भागाला चिकटून कापलं तर प्लॅस्टिक पांढरं पडतं किंवा खड्डा पडतो.

धडाचा खालचा भाग काचेवर ठेवा. एक कोपरा हलत असेल तर धड पिळलेलं आहे. उकळतं नाही, पण हात बुडवता येणार नाही इतपत गरम पाण्यात थोडा वेळ धरा, सरळ करा आणि लगेच थंड पाण्यात घाला. चिमटा वापरा. मग वरची पाटी टेपने बसवा. कडेने फट दिसली तर बोटाने दाबून बघा. दाबल्यावर मिटणारी फट गोंद आणि टेप मिटवतात. दाबूनही राहते ती पुटीची. आणि दाबताना दुसऱ्या बाजूला नवी फट उघडत असेल तर आत कुठेतरी एखादी खूण किंवा फ्लॅशचा कण अडकला आहे. पुटीकडे जाण्याआधी तो शोधा.

तोफेची नळी दोन अर्धांची असेल तर ती जुळवून टोकाकडून बघा. टी-34 ची 76.2 मिलिमीटरची तोफ 1/35 मध्ये जेमतेम 2.2 मिलिमीटरच्या भोकाची होते. भोक नसेल तर आधी मध्यभागी सुईने टोचा, मग हातातल्या ड्रिलने हळूहळू पोखरा. घाई केली तर भोक एका बाजूला सरकतं.

7. डिकॅल, फोटोएच, सूचनापत्रक

डिकॅलवर पांढरी किनार असलेला लाल तारा किंवा आकडा शोधा. किनार एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला गायब असेल तर छपाई सरकली आहे. जुनी डिकॅल पिवळी पडलेली असतील तर खिडकीच्या काचेला, उन्हाकडे तोंड करून काही दिवस टेपने लावा, बरीच उजळतात.

फोटोएच म्हणजे कोरीव धातूचा पातळ पत्रा. टी-34 च्या मागच्या जाळीसाठी तो असेल तर आनंद माना, कारण प्लॅस्टिकची भरीव जाळी कितीही रंगवली तरी जाळी वाटत नाही. पण इतर ठिकाणी धातूच हवा असं नाही. बोटाच्या नखाएवढा भाग तीन तुकड्यांत वाकवून करायचा असेल आणि प्लॅस्टिकचा पर्याय दिलेला असेल, तर पहिल्या किटला प्लॅस्टिक घ्या. हजार तुकडे म्हणजे चांगलं किट हा समजही सोडा. मी कमी तुकड्यांची अशी किटं बनवली आहेत जी आजही कपाटात सर्वांत पुढे आहेत.

सूचनापत्रक एकदा शेवटपर्यंत वाचा. "एक किंवा दोन" अशा पर्यायांपुढे, तुम्ही पहिल्या पायरीत ठरवलेल्या वर्षानुसार, पेन्सिलने गोल करा. बहुतेक चुका इथेच होतात: डाव्या पानावर एका गाडीचा पर्याय, उजव्या पानावर दुसऱ्या.

8. वहीत काय लिहायचं

एका पानावर चार ओळी पुरतात. माझ्या शेवटच्या टी-34 च्या पानावर असं आहे: "1942, षटकोनी टरेट. रुंदी 85.5, चाक 23.6, ठीक. पट्टे लांब आणि सुटे, कडीला दोन जोड, पिन खुणा नाहीत. कामं: फेंडरची कड पातळ, टरेटला पोत, वरच्या पाटीची डावी फट पुटीने, डिकॅलमधला कुर्स्कचा नंबर घ्यायचा."

कामांच्या ओळीत पाचपेक्षा जास्त गोष्टी आल्या आणि हे तुमचं पहिलं किट असेल, तर त्यातल्या दोन निवडा आणि बाकी खुशाल सोडा. नाहीतर किट टेबलावरून डब्यात परत जातं. माप, रुंदी किंवा धडच चुकलेलं असेल तर ते किट रंगकामाच्या सरावाला ठेवा; गंज, चिखल, ओरखडे यांचे प्रयोग करायला ते उत्तम.

पान लिहून झालं की चाकांपासून सुरुवात करा. टी-34 ला दोन्ही बाजूंची मिळून दहा चाकं, प्रत्येकी दोन अर्धांची, म्हणजे वीस वेळा तेच कापणं, तेच घासणं. विसाव्या तुकड्यापर्यंत हाताला त्या प्लॅस्टिकची सवय झालेली असते, आणि मग धड जोडायला घ्या.